पान १४२, ओळ अकरा

मंगळवार, १० फेब्रुवारी २०४३. दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी सहवाचकाची नजर पान १४२ वरच्या अकराव्या ओळीत थांबली आणि चौतीस सेकंद जागची हलली नाही.

वेंगुर्ल्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या वनिताबाई खवणेकरांनी हे पाटीवर पाहिलं. 'तीन' या शब्दावर करडी सावली पडली, गडद होत गेली, आणि शेवटी खालचं अक्षर जेमतेम दिसू लागलं. मग सावली उठली, ओळीच्या टोकाला कोऱ्या समासात गेली आणि तिथेच विरली.

वनिताबाई चौसष्ट वर्षांच्या. एकतीस वर्षं त्या कोल्हापुरातल्या एका दैनिकात मुद्रितशोधक होत्या. वाचणारा अडखळतो तो बहुधा छापलेलं चुकलं असेल तिथे, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी ती ओळ अक्षर अक्षर तपासली. छपाईची चूक नव्हती.

"त्या पहाटे तीन माणसं दुसऱ्या बोटीवर दिली. त्यांत सात नंबर होता. पुढचं मला माहीत नाही."

सात नंबर हा वनिताबाईंचा मुलगा होता.

पुस्तकाचं नाव 'तेवीस महिने'. लेखकाचं नाव छापलेलं नाही. खोल समुद्रातल्या एका मासेमारी बोटीवर तेवीस महिने गुलामीत काढलेल्या मराठी खलाशाने ते सांगितलं आणि एका कार्यकर्तीने उतरवून घेतलं. बोटीवर चढताच कागदपत्रं काढून घेतली. नावं घेण्याला बंदी होती. झोपायच्या फळीचा नंबर हेच नाव. सांगणारा नऊ नंबर. बोट बंदराला लागत नसे. माल न्यायला आणि डिझेल द्यायला दुसरी बोट समुद्रातच येई, आणि तिच्याबरोबर कधी कधी माणसंही जात. नऊ नंबर त्यासाठी एकच क्रियापद वापरतो. माणसं 'दिली' जात.

वनिताबाईंचा मुलगा साईराज २०३३ साली, पंचविसाव्या वर्षी, पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर स्वयंपाकी म्हणून एजंटामार्फत गेला. मॉरिशसहून त्याचा शेवटचा फोन आला. "आये, बोट बदलली गो. ही जरा ल्हान आसा." त्यानंतर दहा वर्षं काही नाही.

गेल्या दिवाळीत त्यांनी 'तेवीस महिने' पहिल्यांदा वाचलं ते छापील प्रतीत. पान ६१ वर त्या थांबल्या.

"सात नंबर आमिषाच्या खोक्यांवर छापलेलं इंग्रजी वाचून त्यातल्या चुका काढायचा. दिवस मोजायला आम्ही फळीवर रेघा मारायचो. तो कोळशाने गाठ मारलेल्या शेपटीसारखी खूण करायचा. म्हणायचा, छापखान्यात या खुणेचा अर्थ 'काढून टाका'. आम्ही त्याला चिडवायचो, की सात नंबरची आई सगळ्या जगाच्या चुका दुरुस्त करते, तिला इथं बोलवा."

साईराज दुसरीत असताना शाळेतून थेट कचेरीत यायचा आणि टेबलाखाली बसून रद्दी प्रुफांवर तीच खूण काढायचा.

वनिताबाईंनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं. लेखकाचा ठावठिकाणा देता येणार नाही. सात नंबरविषयी त्यांना जे माहीत आहे ते सगळं पुस्तकात आहे. त्या उत्तरानंतर वनिताबाईंनी पुस्तक आणखी पाच वेळा वाचलं. वाचनालयाची प्रत परत जाईना, तेव्हा ग्रंथपाल प्रज्योत आरोलकर घरी आला.

"काकी, एकटी कित्याक वाचतंस परत परत? कोणाबरोबर तरी वाच. निदान शेवट तरी लागात."

"शेवट माका पाठ आसा."

"मगे दुसऱ्याक सोबत म्हणान वाच," असं म्हणून त्याने पिशवीतून सहवाचनाची पाटी काढून टेबलावर ठेवली. "आणि प्रत माका दी. अठरा जण रांगेत आसत."

सहवाचनाची पाटी तेव्हा राज्यातल्या बहुतेक वाचनालयांत पोचली होती. दिसायला ती साध्या वाचनपाटीसारखीच. वरच्या कडेला मण्याएवढा कॅमेरा असतो. तो डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो, आणि बुबुळावरून परतणाऱ्या ठिपक्यावरून नजर कुठल्या शब्दावर आहे हे सेकंदाला अडीचशे वेळा मोजतो. डोळा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारतो. सात-आठ अक्षरांची उडी, पाव सेकंदाचा मुक्काम, पुन्हा उडी. दर दहा उड्यांतली एखादी मागे पडते, कारण काहीतरी खटकलेलं असतं. सराईत वाचक 'आणि', 'पण', 'तर' यांच्यावर थांबतही नाही. कोण कुठे थांबतो आणि कशावरून उडी मारतो, हे चालण्याच्या ढबीइतकं ज्याचं त्याचं असतं.

पाटी हे सगळं दुसऱ्या एका वाचकाच्या पाटीवर पाठवते आणि त्याचं तुमच्या पाटीवर आणते. सहवाचकाची नजर जिथे असेल त्या शब्दावर करडी सावली पडते. तो जितका थांबेल तितकी ती गडद. तो उठला की मिनिटभरात विरते. खालच्या कोपऱ्यात तो कुठल्या पानावर आहे तेवढं लिहून येतं. एकटं राहणाऱ्या माणसांना दुसऱ्याच्या सावलीबरोबर वाचताना पुस्तक सोडून द्यावंसं वाटत नाही, असं चार जिल्ह्यांतल्या चाचणीत दिसलं होतं. शेजारी कोणी बसलंय असं वाटतं, एवढंच ती माणसं सांगत.

बोलण्याची सोय नाही. ती मुद्दाम ठेवलेली नाही, कारण बोलता येणाऱ्या आधीच्या सगळ्या वाचनमंडळांचा शेवट भांडणात झाला होता. समासात लेखणीने खूण केली तर ती खूण दुसऱ्याला दिसते; शब्द लिहिले तर जात नाहीत. सहवाचक कोण, कुठला, पुरुष की बाई, हे सांगितलं जात नाही. दोघांपैकी कोणीही शेवटचं पान उलटलं की जोडी सुटते आणि सगळी नोंद पुसली जाते. तोवर ती मोहोरबंद असते. फक्त न्यायालय उघडू शकतं.

माहितीपत्रकाचं नववं कलम बहुतेक लोक वाचत नाहीत. वनिताबाईंनी वाचलं होतं, आणि त्यातली एक चूक वाचनालयाला कळवलीही होती. त्यात लिहिलंय की दुसऱ्याची नजर एखाद्या जागी दिसली की आपली नजर आपोआप तिकडे ओढली जाते. पाळण्यातलं मूलही आईची नजर जाईल तिकडे बघतं. म्हणून एका सावलीमागे दुसरी सावली आली, तर त्याला होकार समजू नये.

वाचन १२ जानेवारीला सुरू झालं. वेळ रोज चार ते पाच. वनिताबाई पावणेचारला चहा पिऊन, कप धुऊन, चष्मा पुसून बसत. घरात बोलायला कोणी नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दिवसभरात दूधवाल्याला 'ठेव थंय' आणि शेजारणीला 'जेवलंय' एवढे शब्द खर्च होत. चार वाजता पानावर सावली उतरली की त्या नकळत खुर्ची थोडी सरकवून जागा करत.

हा साईराज नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. साईराज धावत वाचायचा, बारीक शब्द गिळत. हा माणूस सावकाश वाचणारा, ओळीच्या शेवटी दमणारा होता. तरी त्यांनी दोन दिवस ते मान्य केलं नाही.

दुसरी गोष्ट कळायला १० फेब्रुवारी उजाडावी लागली. पान ३३ वर जाळं ओढायच्या यंत्राचं वर्णन आहे, तिथे तो अडखळला होता. पान ७० वर पिण्याच्या पाण्याची पिंपं आहेत, तिथेही. दोन्ही जागी छपाई निर्दोष. आता 'तीन'वर चौतीस सेकंद. छापलेलं बरोबर असून वाचणारा अडखळतो, तेव्हा सांगितलेलं चुकलेलं असतं, आणि ते वाचणाऱ्याला माहीत असतं.

तो त्या बोटीवर होता.

दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, वनिताबाईंनी कामावर असताना केलं असतं तेच केलं. अकराव्या ओळीतल्या 'तीन'खाली रेघ मारली आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं.

१२ तारखेला सहवाचक आला नाही. १३ ला नाही. कोपऱ्यात 'सहवाचक: पान १४२, वाचन थांबलेले' एवढंच दिसत होतं. वनिताबाई पाच वाजेपर्यंत बसून राहत आणि मग पाटी बंद न करता तिच्यावर धुतलेला पंचा टाकून ठेवत.

१९ तारखेला त्या पाटी घेऊन वाचनालयात गेल्या.

"बिघडली काय?" प्रज्योतने विचारलं.

"पाटी बरी आसा. माणूस येणा नाय."

"गावाक गेलो असतलो. जत्रेचे दिस."

"आठ दिस?"

प्रज्योतने पाटी आपल्या यंत्राला जोडली. "नाव मी सांगूचंय नाय हां, आदीच सांगतंय. माका दिसणाच नाय. पण तू वाचतंस तेवा तेका तुझां पान कसां दिसता, तां तुझ्याच पाटीतसून काडून दाखवतंय." त्याने पडदा वनिताबाईंकडे वळवला.

पान ८८ होतं. वनिताबाईंना वाटलं दुसऱ्या कोणाचं तरी दाखवतोय. प्रत्येक ओळीच्या टोकाला बरोबरची बारीक खूण होती. सावली शब्दाशब्दावर नव्हती, अक्षराअक्षरावर होती, प्रत्येकावर सारखीच गडद. 'आणि'सुद्धा सुटला नव्हता. सगळं पान काळवंडलं होतं. आणि समासात प्रश्नचिन्ह.

"असली सव्वीस आसत," प्रज्योत म्हणाला. "काकी, ह्यां वाचन नाय. ही उलटतपासणी आसा."

"माझी सवय ती. एकतीस वर्सांची. काय चुकीचां दिसला तर हात थांबणा नाय."

"माका म्हायत आसा. तेका खंय म्हायत?"

वनिताबाई पडद्याकडे बघत राहिल्या. पान ८८ वर सात नंबरचा उजवा हात यंत्रात सापडतो आणि दोन बोटं चिरडतात. पान १३१ वर तोच सात नंबर उजव्या हाताने माकूल मासा कापतो. त्यांनी ८८ वर प्रश्नचिन्ह काढलं होतं, १३१ वरही. विसंगती होती म्हणून. हात साईराजचा होता हे त्या वेळी डोक्यातच आलं नव्हतं. त्या क्षणी तो फक्त दोन पानांत न जुळणारा तपशील होता.

"बोटीच्या मालकावर केस चालू आसा मां," प्रज्योत म्हणाला. "मालकाच्या वकिलान कोर्टात ह्याच इचारल्यान. पेपरात इल्लां. 'हात चिरडला होता की नव्हता, एकच काय ते सांगा.' नऊ नंबराक धड उत्तर देवक जमूक नाय."

ही बातमी वनिताबाईंनी वाचली होती. वाचताना त्यांना तीत एक व्याकरणाची चूकही सापडली होती.

बोटीवरून सुटलेला माणूस नाव बदलून कुठेतरी राहतो. गुपचूप त्या दिवसांचं पुस्तक वाचायला घेतो, एकट्याने झेपणार नाही म्हणून सोबतीने. आणि सोबत म्हणून त्याला मिळतो जबाब तपासणारा. पान १४२ पर्यंत त्याने हे सोसलं. मग नेमकं 'तीन'खाली, जिथे तो स्वतः थांबला होता तिथे, रेघ आली.

"पूस सगळां," वनिताबाई म्हणाल्या.

"माझ्यान पुसाक येवचां नाय. तुझ्या खुणा तुकाच पुसूक व्हयी."

घरी येऊन त्यांनी सव्वीस प्रश्नचिन्हं आणि हजारो बरोबरच्या खुणा पुसल्या. दोन दिवस लागले. त्यानंतर साध्या माणसासारखं वाचायचा प्रयत्न त्यांनी केला, पण ते जमलं नाही. डोळ्यांना अक्षर सोडून पुढे जाताच येत नव्हतं. शेवटी डावा डोळा हाताने झाकून, चष्मा काढून त्या वाचू लागल्या, म्हणजे सावली निदान फिकट तरी पडेल.

सोमवारी, २३ फेब्रुवारीला, चार वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यातला आकडा बदलला. 'सहवाचक: पान १.' तो पहिल्यापासून पानं उलटत होता, वाचत नव्हता. पान ३३, ७०, ८८. खुणा आहेत की गेल्या, ते बघत होता. ८८ वर तो थांबला.

वनिताबाईंनी चष्मा चढवला. बोलायची सोय नव्हती, पण नजर जात होती, आणि पानांवर शब्द होते. एका गुलामाने सांगितलेले शब्द तेवढे. त्यांच्या बाहेरचं काही बोलता येणार नव्हतं. त्यांनी पान ६१ उघडलं. पहिल्या ओळीतल्या 'मी'वर नजर ठेवली आणि वीस मोजले. मग खालच्या ओळीत आल्या आणि तीन शब्दांवर तेवढाच वेळ थांबल्या. सात. नंबरची. आई.

पुन्हा वर. 'मी'. पुन्हा खाली.

चौथ्या खेपेला पान ६१ वर दुसरी सावली उतरली. ती थेट 'आई'वर पडली, आणि इतकी गडद झाली की शब्द झाकला गेला. वनिताबाईंनी नजर हलवली नाही. डोळ्यांत पाणी आलं की पाटीला नजर सापडत नाही, म्हणून त्यांनी पदराने डोळे टिपले ते एकेक करून.

मग आकडा धावला. पान १४२, 'तीन'. लगेच पान १२. वनिताबाई मागोमाग गेल्या. पान १२ वर फळ्यांचं वर्णन आहे: "भिंतीला एकावर एक अशा चार फळ्या होत्या." सावली 'चार'वर होती. पुन्हा १४२, 'तीन'. पुन्हा १२, 'चार'. नंतर त्याच पानावर, वरच्या ओळीत, 'मी'.

चार दिली होती. चौथा तो.

चार वाजून एकोणचाळीस मिनिटांनी तो गेला.

मंगळवारी सकाळी वनिताबाईंनी खटल्यातल्या खलाशांच्या वकील ॲडव्होकेट रेवती कारखानीस यांना फोन केला. झालं ते तारीखवार सांगितलं.

"वनिताताई, हे तुम्ही आणखी कोणाला सांगितलंय?"

"ग्रंथपालाला थोडं माहीत आहे."

"बरं. ऐका. अशी बोट समुद्रात भेटलीच नाही, माणसं दिलीच नाहीत, असं मालकाचं म्हणणं आहे. आमच्याकडे एकच साक्षीदार आहे आणि तो त्या पहाटे खाली शीतगृहात होता. त्याने आवाजावरून तीन म्हटलं. दिलेल्यांपैकी एक माणूस मला हवा आहे, आणि तो तुमच्याबरोबर पुस्तक वाचतोय. दोन मार्चला सुनावणी आहे. तुमचा एका पानाचा अर्ज शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत दाखल झाला, तर सोमवारी नाव उघडेल."

"आणि तो येणार नाही म्हणाला तर?"

"समन्स निघेल. यावंच लागेल."

"म्हणजे पुकारणार."

"कोर्टात पुकारतातच, ताई."

"नंबर पुकारला की जावं लागे, असं पुस्तकात आहे. पान एकोणीस."

"तुमच्या मुलाचं काय झालं ते त्या माणसाला माहीत आहे," कारखानीस म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "एवढंच सांगते. अर्ज पाठवून ठेवते. सही तुमची."

अर्ज आला. वनिताबाईंनी तो वाचला, त्यातला चुकलेला पिन कोड दुरुस्त केला, छापून आणला आणि टेबलाच्या खणात ठेवला. त्या दिवशी आणि बुधवारी सहवाचक चार वाजता आला. दोघं पान १२ वर होते. कोणी काही विचारलं नाही. पुस्तक एकशे एक्कावन्न पानांचं, आणि पुढे जायची दोघांनाही घाई नव्हती. बुधवारी पाचला पाच कमी असताना वनिताबाईंच्या ध्यानात आलं की गेल्या दहा वर्षांत त्या कोणाजवळही इतका वेळ गप्प बसल्या नव्हत्या. एकट्या गप्प बसल्या होत्या.

गुरुवारी, २६ तारखेला, त्यांनी पान १९ उघडलं. 'पुकारला' या शब्दावर वीस मोजले. त्याच पानावर तळाशी 'नाही' आहे. तिथे वीस. मग 'मी'. तीन शब्द, तीन वेळा. हे सांगून टाकल्यावर खणातल्या कागदाचा उपयोग उरणार नाही, हे त्यांना माहीत होतं. विचारायचं ते आधी विचारून घ्यावं, असं मनात आलं होतं; पण ती उलटतपासणीची रीत झाली असती.

सहवाचक पान १९ वर आला. पुकारला. नाही. मी. त्याची सावली त्यांच्या मागून तीनही शब्दांवरून गेली.

मग वनिताबाईंनी पान ९७ उघडलं. 'जिवंत' हा शब्द सगळ्या पुस्तकात एकदाच येतो. एकोणिसावी ओळ: "जाळं वर घेतलं तेव्हा त्यातले काही जिवंत होते." त्या आधी पान ६१ वर गेल्या, 'सात'वर थांबल्या, आणि परत येऊन 'जिवंत'वर नजर ठेवली. प्रश्नचिन्ह काढलं नाही. हात टेबलाखाली मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

चार वाजून एकतीस मिनिटांनी दुसरी सावली आली आणि 'जिवंत'वर पडली. एक्केचाळीस सेकंद तिथे राहिली. त्यानंतर 'सहवाचक: वाचन थांबलेले' असं कोपऱ्यात आलं.

वनिताबाई बराच वेळ त्या शब्दाकडे बघत होत्या. तो उत्तर देत होता, की त्यांची नजर तिथे होती म्हणून त्याची आली होती, हे सांगायला जगात कुठलंही यंत्र नव्हतं. नववं कलम त्यांना पाठ होतं.

रात्री प्रज्योतचा फोन आला. "काकी, जेवलंस?"

"जेवलंय."

"काय केलंस अर्जाचां?"

"सही करूक नाय."

"करतलंस?"

"तेका सांगलंय, पुकारणार नाय म्हणान."

"तो आयकता काय, तुका खंय म्हायत? उद्या शेवटचां पान उलटल्यान, मगे गेलोच तो."

"गेलो तर जाऊ दी. तेच्या पायान जातलो," वनिताबाई म्हणाल्या आणि त्यांनी विचारलं, "तू जेवलंस?"

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. वनिताबाई पावणेचारला बसल्या. चारला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी पाटी उघडली तेव्हा कोपऱ्यात आकडा आधीच होता. 'सहवाचक: पान ९७.'

रात्री झोपण्याआधी ती ओळ पुन्हा बघितल्याने वनिताबाईंची पाटी पान १४२ वर होती. पंचेचाळीस पानं मागे यायला त्यांना पंधरा-वीस सेकंद लागले, कारण बोट दोनदा घसरलं. त्या पोचल्या तेव्हा आकडा बदललेला होता. पान ९७ वर मात्र सावलीचा अवशेष होता, खालच्या भागात, अतिशय फिकट. तो एकोणिसाव्या ओळीवर होता की विसाव्या, ते नीट दिसत नव्हतं. विसाव्या ओळीत खारवलेल्या माशांचा हिशेब आहे. वनिताबाईंनी कचेरीतून निवृत्त होताना मिळालेलं भिंग खणातून काढलं. अर्जाचा कागद बाजूला करावा लागला. भिंगाखाली सावली सावली राहिली नाही. नुसते ठिपके दिसले, आणि ठिपके दोन्ही ओळींत होते. बघता बघता ते विरले.

एवढं निश्चित, की त्या वेळी वनिताबाईंची नजर त्या पानावर नव्हती.

चार वाजून चार मिनिटांनी सहवाचक पान १५१ वर होता. ते शेवटचं पान. वनिताबाई तिथे गेल्या. सावली शेवटच्या ओळीवर होती, ठराविक शब्दावर नव्हे. ओळभर मागेपुढे होत होती. वनिताबाईंनीही त्याच ओळीवर नजर ठेवली. पाच वाजता पाटी रोजच्यासारखी आपोआप मंद झाली.

अर्जाची मुदत सहाला संपली. त्यावर सही नव्हती. रात्री आठ वाजता वाचनालयाच्या यंत्रावर या जोडीची शेवटची नोंद अशी होती: सहवाचक, पान १५१. पान उलटलेलं नाही.